मांडणीची सावली

मालाकाकू आवटींच्या घरात कढई तापली की बकुळ सोसायटीत कुणी कुणाला सांगत नसे, तरी सगळ्यांना कळायचं. जिन्यात सपाता वाजायच्या, दारावर बोटाची टिचकी पडायची, आणि कुणीतरी पदराखाली किंवा वर्तमानपत्रात गुंडाळून काहीतरी घेऊन आत यायचं. आत आल्यावर आधी दार लावून घ्यायचं, मग खुर्चीत बसायचं, आणि मग एक लांबलचक श्वास सोडायचा. तो श्वास ऐकला की मालाकाकूंना आपल्या घराचा अभिमान वाटायचा. मिरजेत आता अशी घरं फारशी उरली नव्हती.

बाकीच्या घरांत सोबती होता.

सोबती म्हणजे भिंतीवर बसवलेली तळहाताएवढी पांढरी पेटी. तिच्यात कॅमेरा नव्हता, आणि कंपनीचे लोक त्याचंच मोठं कौतुक सांगत. घरात इंटरनेटच्या लहरी नाहीतरी भरलेल्याच असतात. माणसाचं अंग म्हणजे निम्म्याहून जास्त पाणी, आणि पाण्यावर आपटून या लहरी वळतात. माणूस चालला की त्यांची घडी एका तऱ्हेनं मोडते, पडला की दुसऱ्या तऱ्हेनं. इतकंच काय, श्वास घेताना छाती जेमतेम वर येते, तेवढ्यानंही त्यांच्यात बारीक हेलकावा उठतो. सोबती हे हेलकावे वाचायचा. खोलीत माणसं किती, कोण झोपलंय, कुणाचा श्वास बिघडलाय, हे त्याला भिंतीपलीकडूनही समजायचं. एका घरातली पेटी लहरी सोडायची, दुसऱ्या घरातली त्या झेलायची, आणि या दोघींच्या मधे जो कुणी असेल त्याची खबर राहायची. म्हणूनच अख्खी इमारत जोडली की काम नेटकं व्हायचं.

सुरुवातीला तो कुणालाच नको होता. आमच्या घरात आम्ही काय करतो ते लांबच्या कुठल्यातरी कॉम्प्युटरला कशाला कळायला पाहिजे, असं सोसायटीच्या सभेत सगळ्यात मोठ्यानं विचारणारे चेअरमन दिगंबर कुरणेच होते. मग वरच्या मजल्यावरचे तारळेकर मास्तर न्हाणीघरात पडले. त्यांच्या मुलानं हौसेनं पेटी बसवून घेतली होती. मास्तरांची हाक शेजारी पोचली नाही, पण ॲम्ब्युलन्स पोचली. मास्तर वाचले. पुढच्या सभेत ठराव झाला. लोकांचा संशय मेला असं नाही, तो नुसता गप्प बसला.

पेटी एकदा भिंतीवर बसली की तिच्यात पुढंपुढं काय काय भरत गेलं ते सांगायला कुणी घरी येत नाही. तिला तळणीचा धूर ओळखता यायला लागला. चढलेला आवाज कळायला लागला. विमा कंपनीनं तिच्याशी हातमिळवणी केली. कुरणेसाहेबांना साखरेचा त्रास. त्यांनी मिरचीभजी तळून खाल्ली त्याच्या दुसऱ्या दिवशी एका गोड आवाजाच्या बाईचा फोन आला, की कालचं जेवण जरा जड झालं का. तारळेकरांच्या सुनेचं आईशी फोनवर वाजलं, तेव्हा पेटीनं अदबीनं विचारलं, घरात ताण जाणवतोय, समुपदेशकाशी बोलायला आवडेल का. सून म्हणाली, आता भांडायची पण चोरी.

ही चोरी करायला एकच जागा होती. मालाकाकूंचं घर.

त्यांनी पेटी घेतली नव्हती. कारण विचारलं की त्या हसून सांगायच्या, मी आयुष्यभर पेटीच होते. सांगलीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्या ट्रंक ऑपरेटर होत्या. कानाला हेडफोन, समोर दिव्यांचा बोर्ड, हातात दोऱ्या. हुबळीचा हळदीचा व्यापारी आणि सांगलीचा अडत्या एकमेकांशी बोलायचे, आणि मधे मालाकाकू असायच्या. लाइन नीट लागली का ते बघायला कान लावावाच लागे. तेवढ्यात जे कानावर पडायचं ते पडायचं. एका अडत्यानं त्यांच्या घरी पेढ्यांचा पुडा पाठवला होता. समोरचा किती भावाला तयार झाला एवढंच सांगा, म्हणाला. त्यांनी पुडा परत केला. पण सगळ्यांनीच परत केला नाही, हेही त्यांनी पाहिलं होतं.

त्या म्हणायच्या, "कान वाईट नसतो गं. पण त्या कानाला विचारणारे भेटतात."

मालाकाकूंनी लग्न केलं नव्हतं. आईवडिलांमागं त्या या दोन खोल्यांत एकट्या राहत होत्या. पहिल्या पगारातून त्यांनी स्टीलची मांडणी घेतली होती. ताटांच्या खाचा, वाट्यांचे कप्पे, खाली कढया-पातेल्यांच्या फळ्या, अशी भिंतभर मोठी. दुकानदारानं विचारलं होतं, घरात माणसं किती. त्या वेळी त्यांनी सांगितलं होतं, होतील. झाली नाहीत. एका बाईला चार ताटं पुरतात. चाळीसच्या वर वर्षं ती मांडणी नुसत्या दांड्यांची उभी होती आणि दर शनिवारी मालाकाकू तिच्या रिकाम्या खाचा पुसायच्या.

ती भरली सोबती आल्यावर. येणारा आपलं भांडं घेऊन यायचा, कारण काकूंच्या एकुलत्या कढईत कुणाकुणाचं तळणार? आणि तेलकट कढई घरी न्यायची तर घरी विचारणार, ही कुठं होती. म्हणून ती इथंच घासून ठेवली जायची. कुरणेसाहेबांची बिडाची कढई आली. तारळेकरांच्या सुनेचं अप्पेपात्र आलं. दिवाळीत तर चकलीचं, अनारशाचं, शेवेचं सगळं तळण काकूंकडंच झालं आणि पराती, झारे, डबे मागं राहिले. प्रत्येकावर आपापलं नाव कोरलेलं होतं, आपल्याकडं कोरतात तसं ठिपक्याठिपक्यांनी, कुणी कुणाला कुठल्या निमित्तानं दिलं त्यासकट. श्रावणात तर मांडणीत बोट घालायला जागा उरली नाही. मालाकाकू सकाळी चहा घेत तिच्यासमोर बसायच्या. उन्हाची तिरीप आली की सगळी भिंत झगमगायची. त्यांना वाटायचं, झाली बघा माणसं.

काकूंच्या घरी दोनच अटी होत्या. अंडं शिजवायचं नाही, आणि इथं ऐकलेलं जिन्यात न्यायचं नाही.

मांडणीच्या भिंतीपलीकडं आरिफ सितारमेकरची खोली होती. घराण्याचा धंदा तंबोरे करायचा. आरिफ जवारीत तरबेज होता. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा दोरा केसभर सरकवत राहायचं, सरकवत राहायचं, की एका जागी तार अशी मोकळी होते की खोली भरून जाते. दुपारभर त्याचं ते चालायचं. दोन वर्षांपूर्वी स्कूटरवरून पडून त्याच्या डोक्याला मार बसला आणि तेव्हापासून त्याला फीट येऊ लागली. औषधांनी कमी झाली, थांबली नाही. त्याची बायको नसरीन लॅबमध्ये कामाला जायची. दुपारी तो एकटा, हाताशी कानस, पटाशी आणि धारदार चाकू. मनगटावर बांधायचं यंत्र त्याला चालत नव्हतं. भोपळ्याच्या पॉलिशवर चरे पडतात म्हणून तो ते काढून ठेवायचा. नसरीनचा सगळा भरवसा भिंतीवरच्या सोबतीवर होता. फीट आली की तो तिच्या मोबाईलवर ओरडायचा.

संक्रांतीच्या आधी काही दिवस कुरणेसाहेबांनी सभा बोलावली. सितारमेकरांच्या त्या खोलीतून बरेच दिवस खबर नीट येत नव्हती आणि गेल्या आठवड्यात तर नसरीन घरी आली तेव्हा आरिफ जमिनीवर होता, कपाळाला खोक, आणि सोबतीला पत्ता नाही. कंपनीला विचारलं तर फोनवरच्या मुलानं सांगितलं, शेजारच्या घरात पेटी नाही, तिथं जाळ्याला भोक पडलंय. सभेत सगळे मालाकाकूंकडं बघत होते आणि बघत नसल्यासारखं करत होते. कुरणे घसा खाकरून म्हणाले, की काकूंच्या मताबद्दल आदर आहे, पण शेवटी माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे. आदल्याच दिवशी त्यांनी काकूंच्या ओट्यावर भजी खाल्ली होती. दोन दिवसांत सांगते, काकू म्हणाल्या.

संध्याकाळी नसरीन आली. तीही एरवी इथं यायची, सासूनं रमजानपुरतं दिलेलं समोशांचं भांडं तिनं इथंच ठेवलं होतं. आज ती खुर्चीत बसली नाही, दाराशीच उभी राहिली.

"काकू, मी मागायला आलीय. भांडायला नाही."

मालाकाकू तिला बस म्हणाल्या.

"बसले तर रडू येतंय. दुपारी लॅबमध्ये दुसऱ्यांचं रक्त तपासायचं आणि डोळा सगळा मोबाईलवर. तो गप्प असला की वाटतं बरंय. मग वाटतं, बरंय म्हणून गप्प आहे की त्याला काही दिसतच नाही म्हणून? तुम्हाला पेटी का नको ते मला कळतं. मला पण ती आवडत नाही. पण मला दुसरं काय आहे सांगा."

मालाकाकूंच्या डोळ्यांपुढं आपलं घर आलं. पेटी लागली की दारावरच्या टिचक्या थांबणार. कुरणे येणार नाहीत, तारळेकरांची सून येणार नाही. ज्या भिंतीसमोर बसून चहा गोड लागतो ती भिंत एकेक करून रिकामी होणार. आणि दुसरीकडं ही पोरगी, जी गेले कितीतरी दिवस बसल्या जागी दचकतेय. तराजूत घालून बघावं असं ते नव्हतंच.

"कंपनीला बोलाव," त्या म्हणाल्या. "उद्याच बोलाव."

पेटी घेऊन समृद्धी खोत नावाची एक इंजिनियर मुलगी आली. पाठीला सॅक, हातात टॅब्लेट. आल्या आल्या पेटी ठोकायच्या ऐवजी ती घरभर टॅब्लेट धरून हिंडली, पुन्हा सितारमेकरांकडं जाऊन आली, आणि स्वयंपाकघरात मांडणीसमोर बराच वेळ उभी राहिली.

मग तिनं विचारलं, "काकू, तुम्ही एकट्याच राहता ना? मग एवढी भांडी?"

काकू म्हणाल्या, आहेत. मुलीनं एक ताट खाचेतून अर्धं वर ओढलं. मागचं कोरलेलं नाव दिसलं. दुसरं ओढलं. वेगळं नाव. तिनं दोन्ही ताटं हलकेच होती तशी सरकवून ठेवली आणि पुढं एकही नाव वाचलं नाही. मालाकाकूंना ती मुलगी तिथंच आवडली.

तिनं पाटावर बसून टॅब्लेटवर एक चित्र काढून दाखवलं. एका टोकाला कुरण्यांचं घर, दुसऱ्या टोकाला आरिफची खोली, मधे काकूंचं घर. आरिफच्या खोलीला दोन बाजूंनी बाहेरच्या भिंती. त्याच्या खोलीतली पेटी ज्या लहरी झेलते त्या कुरण्यांच्या पेटीतून येतात. काकूंनी विचारलं, मग दोन पेट्या त्याच्याच खोलीत का नाही लावत. मुलगी म्हणाली, कानाशी कुणी ओरडत असलं की पलीकडच्या माणसाचा श्वास ऐकू येत नाही ना, तसं होतं. अंतर लागतं.

मालाकाकूंनी चित्रावरून बोट फिरवलं.

"म्हणजे कुरण्यांकडनं निघून आरिफकडं जातात, त्या माझ्या घरातनं जातात?"

"हो."

"पेटी नसताना?"

"हो काकू. पेटी नसली तरी. तुमचं नाव तिथं नाही, आवाज नाही, तळण नाही. पण मधल्या घरात कुणीतरी हालतंय, एवढं दिसतं. धुक्यातल्या माणसासारखं. तुम्हाला कुणी सांगितलं नसेल."

कुणी सांगितलं नव्हतं. मालाकाकूंना वाईट वाटलं, आणि का कोण जाणे थोडं हसूही आलं. इतकी वर्षं दार लावून बसलो आणि वारा भिंतीतून जात होता. त्यांनी विचारलं, या धुक्याचं पुढं काय होतं. आज काही करत नाहीत, मुलगी म्हणाली. उद्या करायचं ठरवलं तर करता येईल. नाही येणार असं मी तुम्हाला सांगितलं तर ते खोटं होईल.

"बरं झालं खरं बोललीस," काकू म्हणाल्या. "इतक्या दिवसांत कंपनीचं पहिलंच माणूस."

मुलीनं मग दुसरं चित्र काढलं, आरिफच्या खोलीतल्या सिग्नलचं, पहिल्या वर्षापासूनचं. पहिलं वर्षभर रेघ सरळ होती. म्हणजे काकूंकडं पेटी नसूनही सगळं सुरळीत होतं. मग ती हळूहळू उतरत गेलेली. दिवाळीत एक मोठी पायरी. श्रावणात आणखी मोठी. गणपतीनंतर जवळजवळ जमिनीला टेकलेली. या लहरी विटेतून जातात, लाकडातून जातात, चुन्यातून जातात, पण लोखंड-स्टील आलं की मागं फिरतात, तिनं सांगितलं. रिकाम्या मांडणीच्या दांड्यांमधून त्या आरामात गेल्या असत्या. आता तिथं भांड्याला भांडं लागून पत्र्याची भिंत उभी आहे. पेटी बसवली तरी काय उपयोग, या पत्र्याची सावली पलीकडं पडणारच. फोनवरच्या मुलानं न बघताच सांगितलं होतं.

"पेटी नको, काकू. भांडी काढा."

मालाकाकू दिवाळीच्या त्या पायरीकडं बघत होत्या. चकल्या, अनारसे, शेव. मग श्रावणाची पायरी. आरिफवरची सावली त्यांच्या नकारानं पडलेलीच नव्हती. ती सगळ्यांनी मिळून, कढईला कढई लावून, चवीचवीनं बांधली होती.

मुलगी पेटी सॅकमध्ये घालून निघाली तेव्हा काकूंनी तिला थांबवून हातावर दही घातलं.

आता प्रश्न असा, की भांडी परत कशी द्यायची. दारोदार जाऊन म्हणायचं, कुरणेसाहेब, तुमची भज्यांची कढई? ते म्हणायची सोय नव्हती, कारण प्रत्येक दारामागं पेटी ऐकत होती. बोलवून एकेकाच्या हातात द्यायची, तर जिन्यात दहा डोळे. फोनवर तर मालाकाकू असलं काही बोलल्याच नसत्या. एक्स्चेंजमध्ये पस्तीस वर्षं काढलेली बाई फोनवर भरवसा ठेवत नाही.

पण संक्रांत आली होती, आणि संक्रांतीत भांडी वाटणाऱ्या बाईला कुणी का म्हणून विचारत नाही.

मालाकाकूंनी उभ्या आयुष्यात हळदीकुंकू केलेलं नव्हतं. ते सवाशिणीनं करायचं. त्या दुसऱ्यांच्या हळदीकुंकवाला जात, कडेला बसत, कुणी आठवणीनं तिळगूळ देई. आता सत्तरी उलटल्यावर त्यांनी सोसायटीतल्या घरोघरी जाऊन सांगितलं, की रथसप्तमीच्या आत माझ्याकडं हळदीकुंकू आहे, नक्की यायचं. काही भुवया वर गेल्या. कुरण्यांच्या बाई, सुलभाताई, एवढंच म्हणाल्या, की काकू, वाण काय लुटणार आहात. काकू म्हणाल्या, भांडी.

ठरलेल्या दुपारी सगळ्या आल्या. नसरीनही आली, अर्धा दिवस रजा टाकून. कपाळाला कुंकू लावत नाही म्हणून काकूंनी तिला अत्तर लावलं, गुलाबपाणी शिंपडलं. सतरंजीवर बायका बसल्या होत्या आणि समोर पाटावर रुमालांनी झाकलेली भांडी मांडलेली होती. प्रत्येकीच्या ओटीत तिळगूळ आणि हातात एकेक झाकलेलं भांडं आलं. पहिला रुमाल तारळेकरांच्या सुनेनं उचलला. आपलं अप्पेपात्र बघून तिनं रुमाल परत झाकला आणि मान खाली घातली. मग दुसरीनं उचलला. मग खोलीत अशी शांतता झाली की भिंतीपलीकडची आरिफची तार ऐकू आली.

सुलभाताईंच्या पुढ्यात मात्र दोन भांडी होती. एक त्यांचा स्वतःचा पापड तळायचा खोलगट तवा, जो त्या दर मंगळवारी कुरणेसाहेब बँकेत गेले की इथं येऊन वापरायच्या. तो त्यांनी ओळखला आणि पदरात घेतला. दुसरी बिडाची कढई होती. ती त्यांनी उचलून उजेडात धरली.

"ही कढई मी वर्षभर शोधतीय. धुणंभांड्याच्या सुरेखाला मी बोलले हो हिच्यापायी."

मालाकाकू म्हणाल्या, की ती कुणी आणली ते मी सांगणार नाही.

"सांगायला कशाला पाहिजे. मिरचीभजी ना?" आणि सुलभाताईंना हसू फुटलं. "बुधवारी येतात का? बुधवारी चेहरा बघा त्यांचा, नुसता उजळलेला. मला वाटायचं सभा चांगली झाली."

मग सगळ्याच हसल्या. हसणं ओसरल्यावर मालाकाकू उभ्या राहिल्या. त्यांनी अर्धी मोकळी झालेली मांडणी दाखवली, समृद्धीनं काढलेलं चित्र जसंच्या तसं समजावून सांगितलं, आणि भिंतीपलीकडं कोण बसतं ते सांगायची गरजच पडली नाही. तार वाजतच होती.

"सभेत सगळ्यांना वाटलं, हे माझ्यामुळं झालं. मलाही वाटलं. पण ही भिंत आपण सगळ्यांनी मिळून घातली. मला तर ती फार आवडायची. आज मिळून उतरवूया."

नसरीनच्या हातात तिचं समोशांचं भांडं होतं. आरिफ आणि नसरीन, अशी दोन नावं त्यावर होती. तिनं ती अंगठ्यानं पुसली.

"म्हणजे यात मी पण आहे," ती म्हणाली.

"तू पण आहेस. आणि मी सगळ्यात जास्त."

कुणी मग वेळ लावला नाही. बायकांनी साड्या खोचल्या आणि उरलेलं सगळं, पराती, डबे, पातेली, हातोहात उतरवलं. निघताना सुलभाताई मागं वळल्या. हळदीकुंकवाच्या ताटातलं कुंकू त्यांनी करंगळीनं उचललं आणि मालाकाकूंच्या कपाळाला लावलं. मग ओळीनं सगळ्यांनी लावलं. आरशात बघितलं तेव्हा काकूंचं कपाळ म्हणजे नुसता लाल पट्टा झाला होता. रात्री तोंड धुताना त्यांनी तेवढं सोडून बाकी धुतलं.

दुसऱ्या दिवशी मांडणीत चार ताटं होती. समृद्धीनं फोन करून सांगितलं, की रेघ वर आली. मालाकाकूंनी देवापुढं दिवा लावला, आणि रिकाम्या भिंतीकडं पाठ करून चहा घ्यायला सुरुवात केली.

नसरीननं एक मागणं घातलं होतं. फीटची खबर माझ्या मोबाईलवर येईलच, पण लॅब लांब आहे. दुसरा नंबर तुमचा देऊ का? पेटीबिटी काही नाही, नुसता फोन वाजेल. काकू म्हणाल्या, वाजू दे. फोन उचलायचा पगार खाल्लाय मी. नसरीननं घराची किल्ली दिली आणि काय करायचं ते शिकवलं. कुशीवर वळवायचं, हत्यारं लांब सारायची, डोक्याखाली काहीतरी मऊ. कांदा हुंगवायचा नाही, चप्पल तर नाहीच, तोंडात काही घालायचं नाही. काकूंना कांदा ठाऊक होता. तो त्यांनी मनातून काढून टाकला.

त्यानंतर बरेच दिवस काही झालं नाही. मग एका दुपारी काकू तांदूळ निवडत होत्या. फोन वाजला. यंत्राचा आवाज होता, सपाट, बाईचा. आरिफ सितारमेकर, कामाची खोली, झटका. काकूंनी पुढचं ऐकलं नाही. गुडघे दुखतात हे त्यांना नंतर आठवलं.

आरिफ तंबोऱ्याशेजारी पडला होता. अंग ताठ, हात झटके देत होते. चाकू हातातून निसटून त्याच्या मानेजवळ आला होता. त्यांनी तो आधी पायानं दूर लोटला, मग खाली बसून त्याला कुशीवर घेतलं आणि डोक्याखाली आपला पदर दुमडून घातला. मग करण्यासारखं काही नव्हतं. त्या त्याच्या पाठीवर हात ठेवून बसल्या. झटके हळूहळू मंदावले. श्वास घरघरत, मग मोकळा यायला लागला.

भिंतीवर ती पांढरी पेटी होती. इतक्या जवळून त्यांनी तिला कधी पाहिलं नव्हतं. तिच्याबद्दल त्यांच्या मनात जे होतं ते काही पुसलं गेलं नव्हतं. पण हात जोडावेत असंही वाटलं, आणि एक हात आरिफच्या पाठीवर होता म्हणून त्यांनी दुसरा नुसता कपाळाला लावला.

तेवढ्यात त्यांच्या स्वतःच्या घरातून हाक आली. त्या दार उघडंच टाकून आल्या होत्या.

"काकू, अहो काकू, कुठं गेलात? तेल तापत ठेवू का?"

सुलभाताई होत्या. म्हणजे त्या पुन्हा आल्या होत्या. भांडं घरून आणायचं, तळायचं आणि घासून परत न्यायचं असा नवा नियम त्यांनी स्वतःच काढला होता, असं नंतर कळलं. हाकेला उत्तर मिळालं नाही तेव्हा त्या हातात कढई घेऊन सितारमेकरांच्या दारात आल्या, आतलं बघितलं, कढई बाहेरच्या कठड्यावर ठेवली, आणि आरिफच्या दुसऱ्या बाजूला येऊन बसल्या. पदरानं त्याच्या तोंडावरचा फेस पुसला. दोघी तशाच बसून राहिल्या. आरिफ गाढ झोपी गेला.

नसरीन आली ती काकूंना वाटलं होतं तशी धावत, धापा टाकत नाही. तिनं सावकाश चपला काढल्या. नवऱ्याच्या छातीवर हात ठेवला, मग काकूंच्या खांद्यावर, मग सुलभाताईंच्या.

काकू म्हणाल्या, की घाबरू नको, फीट फार वेळ नाही राहिली, आता झोपलाय.

"माहीत आहे," नसरीन म्हणाली. "निघाले तेव्हा गाडी नुसती पळवत होते. सिग्नलला थांबून मोबाईल बघितला. त्यात खोलीतले श्वास दिसतात ना. आधी एक होता. मग दोन झाले. गांधी चौकात आले तेव्हा तीन होते." तिनं डोळे पुसले. "मग गाडी हळू चालवली."